जुन्या यंत्राचा आवाज आणि दुरुस्तीचे अर्थशास्त्र

आर्थिक विकासाच्या चर्चेत भांडवलनिर्मितीला मोठे स्थान असते. नवे कारखाने, नवी यंत्रे आणि नवी गुंतवणूक यांचे आकडे विद्यार्थी पाठ करतात. परंतु देशात आधीच अस्तित्वात असलेले भांडवल चालू स्थितीत कसे टिकवावे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतो. भारतात हा प्रश्न दुय्यम मानता येणार नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या सर्वेक्षणानुसार ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात देशात सुमारे ७.३४ कोटी अनिगमित बिगरकृषी आस्थापना होत्या आणि त्यांत १२.०६ कोटी लोक काम करीत होते. यांपैकी यंत्रावर चालणाऱ्या कितीतरी छोट्या आस्थापनांचे पहिले यंत्र जुन्या बाजारातून आलेले असते.

सुतारकाम हे याचे बोलके उदाहरण होय. उत्तर प्रदेशातील सहारनपूरचे कोरीव काम, राजस्थानातील जोधपूरचे फर्निचर, कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेची खेळणी आणि महाराष्ट्रातील सावंतवाडीची लाकडी खेळणी या सर्व व्यवसायांत हस्तकौशल्याला विजेच्या मोटरची जोड मिळाली आहे. हाताने रंधा मारण्यास जेथे दिवस लागतो, तेथे रंधा यंत्र तासाभरात काम उरकते. असे यंत्र जुने विकत घेतले आणि काही दिवसांतच त्याची मोटर घरघरू लागली, तर कारागिरासमोर तीन पर्याय उभे राहतात : आहे तसे चालवणे, दुरुस्त करणे किंवा मोटर बदलणे. या साध्या निर्णयात सूक्ष्म अर्थशास्त्रापासून राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेखांकनापर्यंतच्या अनेक संकल्पना एकत्र येतात. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना त्या एकाच उदाहरणातून समजून घेता येतील.

जुन्या यंत्रांचा बाजार आणि माहितीची विषमता

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विश्लेषण केले. विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकाला तो ठाऊक नसतो. यालाच माहितीची विषमता म्हणतात. या कार्यासाठी अकेरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

समजा, बाजारात निम्मी जुनी रंधा यंत्रे चांगली असून त्यांचे खरे मूल्य ४०,००० रुपये आहे. उरलेली सदोष असून त्यांचे मूल्य २०,००० रुपये आहे. दोन्ही बाहेरून सारखीच रंगवलेली आहेत. फरक ओळखू न शकणारा ग्राहक सरासरी, म्हणजे ३०,००० रुपये देण्यास तयार होईल. परंतु चांगल्या यंत्राचा मालक या किमतीस विकणार नाही. परिणामी चांगली यंत्रे बाजारातून बाहेर पडतात आणि सदोष यंत्रेच मागे राहतात. ही प्रतिकूल निवड होय.

ग्राहकाने केलेली तपासणी ही विषमता कमी करते. मोटरचा आवाज हा येथे दर्जाचा स्वस्त आणि सहज मिळणारा पुरावा ठरतो. म्हणूनच यंत्र बंद अवस्थेत दाखवणारा विक्रेता आणि ते अर्धा तास चालवून दाखवणारा विक्रेता यांच्यात ग्राहकाने भेद करावा. आवाज दडवण्यासाठी बेअरिंगमध्ये दाट ग्रीस भरून यंत्र विकल्यास तो काही दिवस दबतो. बराच वेळ यंत्र चालवल्यावर तो पुन्हा प्रकट होऊ शकतो. जाणकार मेकॅनिकला सोबत नेण्याचा खर्च हा या दृष्टीने माहिती मिळवण्याचा खर्च आहे आणि वरील उदाहरणात तो संभाव्य हानी टाळतो.

आवाजाचे निदान

दुरुस्तीचा खर्च निदानावर अवलंबून असतो. चुकीच्या निदानामुळे बेअरिंग बदलण्याऐवजी संपूर्ण वाइंडिंग नव्याने भरले जाते आणि आवाज मात्र तसाच राहतो. म्हणून तपासणीचा क्रम समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली पायरी म्हणजे आवाज मोटरचा की यंत्राचा, हे ठरवणे. वीजपुरवठा पूर्णपणे तोडून मोटर व पाते यांना जोडणारा पट्टा काढावा आणि मोटर एकटी चालवून पाहावी. आवाज नाहीसा झाला, तर दोष पट्ट्यात, पुलीत किंवा पात्याच्या दंडाच्या बेअरिंगमध्ये असतो. आवाज कायम राहिला, तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या बैठकीत असतो. सैल बोल्ट, पंख्याच्या आवरणाला घासणारे पाते आणि शाफ्टवर ढिली झालेली पुली ही कारणे प्रथम तपासावीत, कारण त्यांच्या दुरुस्तीला जवळजवळ खर्च येत नाही.

दुसरी पायरी म्हणजे आवाज विद्युत-चुंबकीय आहे की यांत्रिक, हे ओळखणे. मोटर पूर्ण वेगात असताना वीज बंद करावी. त्याच क्षणी आवाज थांबला, तर तो विद्युत-चुंबकीय असतो. वेग मंदावत जाईल तसा आवाज हळूहळू उतरला, तर तो यांत्रिक असतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे चुंबकीय घुमण्याची मूळ वारंवारता तिच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ असते. सिंगल फेज मोटर भार नसताना थोडी घुमते. तेवढ्यावरून ती सदोष ठरत नाही.

तिसरी पायरी म्हणजे वीज तोडून शाफ्ट हाताने फिरवून पाहणे. खरखर जाणवली किंवा शाफ्ट वरखाली हलला, तर बेअरिंग झिजलेले आहे. मोटर केवळ घुमते परंतु सुरू होत नाही, असे असेल तर सिंगल फेज मोटरमध्ये कपॅसिटर किंवा केंद्रोत्सारी स्विच तपासावा. हा स्विच मोटरने सुमारे तीन चतुर्थांश वेग घेतल्यावर सुरुवातीचे वाइंडिंग तोडतो. लाकडाचा बारीक भुसा त्याच्या संपर्कबिंदूंत बसला की तो अडकतो. सुतारकामाच्या मोटरमध्ये या दोषाची शक्यता नेहमी ध्यानात ठेवावी. थ्री फेज मोटर केवळ घुमत असेल, तर तीनपैकी एक फेज गेलेला नाही ना, हे आधी पाहावे. अशा स्थितीत ती चालू ठेवल्यास वाइंडिंग जळते.

बेअरिंग बदलण्याची पद्धत

यांत्रिक आवाजाचे प्रमुख कारण बेअरिंग हे असते. बेअरिंगवरील क्रमांक त्याचे माप सांगतो. ६२०४ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की आतील व्यास २० मिलिमीटर मिळतो. ६२०५ चा व्यास २५ मिलिमीटर असतो. भुशाच्या जागी दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले बेअरिंग पसंत करावे, कारण त्यात भुसा सहजी शिरत नाही.

कपॅसिटर वीज बंद केल्यानंतरही भार साठवून ठेवतो. म्हणून मोटर उघडण्यापूर्वी तो योग्य रोधकाद्वारे निर्भार करणे आवश्यक असते. दोन्ही बाजूंची झाकणे पूर्वीच्याच जागी बसावीत यासाठी त्यांवर खुणा कराव्यात. जुने बेअरिंग पुलरने ओढून काढावे. शाफ्टवर नवे बेअरिंग चढवताना दाब केवळ आतील कड्यावर द्यावा. बाहेरील कड्यावर हातोडी मारल्यास तो आघात गोळ्यांमधून जातो, त्यांच्या मार्गावर खाचा पडतात आणि नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत आवाज करू लागते.

आवाज पुन्हा न येण्यासाठी मूळ कारण दूर करावे लागते. सर्वसाधारण सूत्रानुसार गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पट्टा अवाजवी ताणल्यामुळे भार दुप्पट झाला, तर आयुष्य एक अष्टमांश होते. पट्टा किंचित सैल करण्यास पैसा लागत नाही. त्याच्या अज्ञानाची किंमत मात्र वारंवार मोजावी लागते.

दुरुस्ती की बदल?

आता आर्थिक निर्णयाकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. दोन अश्वशक्तीच्या मोटरचे बेअरिंग बदलण्यास १,२०० रुपये, वाइंडिंग भरण्यास ४,००० रुपये आणि नवी मोटर घेण्यास १२,००० रुपये लागतात. यंत्र बंद राहिल्यास कार्यशाळेचे दररोज १,५०० रुपयांचे उत्पन्न बुडते.

येथे पहिला नियम बुडीत खर्चाचा. यंत्र किती रुपयांना घेतले होते, हे आता गैरलागू आहे. ‘एवढे पैसे घातले आहेत, म्हणून आणखी घालू’ हा विचार अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. यापुढील खर्च आणि यापुढील लाभ यांचीच तुलना करावयाची असते.

दुसरा नियम संधी व्ययाचा. वाइंडिंगच्या कामास तीन दिवस लागले, तर बुडालेले उत्पन्न ४,५०० रुपये होते. म्हणजे कारागिराच्या बिलापेक्षा अधिक. आवाज येऊ लागताच अर्ध्या दिवसात बेअरिंग बदलल्यास एकूण खर्च १,९५० रुपये येतो. दुर्लक्ष केल्यास झिजलेल्या बेअरिंगमुळे रोटर स्टेटरला घासू लागतो, वाइंडिंग जळते आणि खर्च बेअरिंग धरून ९,७०० रुपयांवर जातो. प्रतिबंधक देखभालीचे महत्त्व या फरकात आहे.

तिसरा मुद्दा ऊर्जेचा. दोन अश्वशक्ती म्हणजे सुमारे १.५ किलोवॅट. जुन्या मोटरची कार्यक्षमता ७२ टक्के आणि नव्या मोटरची ८० टक्के मानल्यास पूर्ण भारावर त्यांना अनुक्रमे २.०८ आणि १.८८ किलोवॅट वीज लागते. वर्षातील ३०० दिवस रोज चार तास काम असेल, तर सुमारे २५० युनिट वाचतात. प्रति युनिट ८ रुपये दराने ही बचत वर्षाला २,००० रुपये होते. वाइंडिंग भरण्याऐवजी नवी मोटर घेण्याचा अतिरिक्त खर्च ८,००० रुपये असल्याने तो चार वर्षांत भरून निघतो. परंतु मोटर दिवसातून एकच तास चालत असेल, तर बचत ५०० रुपयांवर येते आणि परतफेडीचा कालावधी १६ वर्षांचा होतो. सारांश, उत्तर मोटरच्या वयावर कमी आणि वापराच्या तासांवर अधिक अवलंबून असते.

वाइंडिंगचा दर्जाही महत्त्वाचा आहे. तारेची जाडी किंवा वेढ्यांची संख्या बदलल्यास, अथवा जुने वाइंडिंग काढताना स्टेटरचा गाभा जास्त तापवल्यास मोटरची कार्यक्षमता घटते. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते, असा विद्युत अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे.

व्याजदराची भूमिका

चार वर्षांत परतफेड होणारी गुंतवणूक करावी की नाही, हे भांडवलाच्या किमतीवर ठरते. अतिरिक्त ८,००० रुपये खासगी सावकाराकडून वार्षिक २४ टक्के दराने घेतल्यास व्याजच १,९२० रुपये होते. विजेची जवळजवळ सर्व बचत त्यात संपते. तेच कर्ज ५ टक्के दराने मिळाल्यास व्याज ४०० रुपये होते आणि नवी मोटर स्पष्टपणे लाभदायक ठरते. तंत्रज्ञान तेच, कारागीर तोच. पतपुरवठा बदलला की विवेकी निर्णय बदलतो. गरीब कारागीर जुन्या यंत्राला चिकटून राहतो तो अज्ञानामुळे, असे मानणाऱ्यांनी हे गणित ध्यानात घ्यावे.

अमर्त्य सेन यांनी १९६२ साली वापरलेल्या यंत्रांच्या उपयुक्ततेवर लिहिलेल्या निबंधात हा विषय सैद्धांतिक पातळीवर हाताळला होता. जुन्या यंत्राला देखभालीचे श्रम अधिक लागतात. परंतु जेथे श्रम स्वस्त व भांडवल दुर्मीळ असते, तेथे तेच यंत्र किफायतशीर ठरू शकते.

स्वतंत्र भारताच्या धोरणात ही जाणीव आरंभापासून दिसते. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय लघुउद्योग निगमाने छोट्या उद्योजकांना भाडे-खरेदी पद्धतीने यंत्रे देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामीण व लघुउद्योगांच्या विकासाची दिशा सुचवली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून सुतारकाम त्यांत आहे. या योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. मात्र मोटर भरणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर त्या १८ व्यवसायांच्या यादीत नाही. सुताराच्या यंत्राचे आयुष्य ज्याच्या हातात असते, तो या योजनेच्या कक्षेबाहेर राहतो.

राष्ट्रीय उत्पन्नात दुरुस्तीचे स्थान

जुन्या यंत्राची विक्री स्थूल देशांतर्गत उत्पादनात धरली जात नाही, कारण त्याचे उत्पादन पूर्वीच मोजलेले असते. दलालाची दलाली किंवा व्यापाऱ्याचा नफा ही चालू वर्षातील सेवा असल्याने ती मात्र धरली जाते. वस्तू व सेवा करातही याच्याशी मिळतीजुळती तरतूद आहे : जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल, तर त्याला विहित अटींवर केवळ खरेदी-विक्रीच्या किमतीतील फरकावर कर भरता येतो.

दुरुस्तीबाबत राष्ट्रीय लेखांकन दोन प्रकार करते. ग्रीस देणे, बेअरिंग बदलणे यांसारखी नेहमीची देखभाल मध्यवर्ती उपभोगात जाते. यंत्राची क्षमता किंवा अपेक्षित आयुष्य वाढवणारे मोठे नूतनीकरण स्थूल स्थिर भांडवलनिर्मितीत धरले जाते. स्थूल उत्पादनातून घसारा वजा केला की निव्वळ उत्पादन मिळते. चांगल्या देखभालीमुळे यंत्राचे आयुष्य वाढते, वार्षिक घसारा कमी होतो आणि त्याच स्थूल उत्पादनातून निव्वळ उत्पादन अधिक राहते.

आवाज : एक बाह्य परिणाम

मोटरच्या आवाजाचा भार केवळ मालकावर पडत नाही. शेजारी, वाटसरू आणि यंत्रावरील मजूर हे त्याचे मोल न घेता तो सोसतात. अर्थशास्त्रात याला ऋण बाह्य परिणाम म्हणतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार दिवसा औद्योगिक क्षेत्रात ७५, व्यापारी क्षेत्रात ६५, निवासी क्षेत्रात ५५ आणि शांतता क्षेत्रात ५० डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री त्या अनुक्रमे ७०, ५५, ४५ आणि ४० डेसिबल आहेत. डेसिबल हे लघुगणकीय माप असल्याने केवळ ३ डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेची दुप्पट होय.

सतत मोठ्या आवाजात काम केल्याने आलेले बहिरेपण कायमचे असते. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. तथापि, विजेवर चालणाऱ्या व किमान १० कामगार असलेल्या जागेलाच कारखाना मानण्याची १९४८ च्या कायद्यातील मर्यादा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने २० वर नेली आहे. तीन-चार माणसांची सुतारशाळा पूर्वीही या व्याख्येत बसत नव्हती. आता तर ती अधिकच दूर गेली आहे. अशा ठिकाणी कानांचे संरक्षण, पात्यावरील जाळी आणि भुसा ओढून घेणारा पंखा यांचा आग्रह प्रशिक्षण आणि कर्जयोजना यांच्याद्वारेच धरता येईल.

धोरणाची दिशा

दुरुस्तीला विकासनीतीत स्थान मिळू लागले आहे. शाश्वत विकासाच्या बाराव्या उद्दिष्टात २०३० पर्यंत पुनर्वापर व पुनर्चक्रीकरणाद्वारे कचरा लक्षणीय प्रमाणात घटवण्याचे लक्ष्य आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले. प्रारंभी शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक साधने, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे निवडण्यात आली. लघुउद्योगांची यंत्रे या विचाराच्या कक्षेत आणल्यास सुटे भाग आणि वाइंडिंगचे तपशील गावपातळीवरील कारागिराला मिळू शकतील.

विजेचा दर्जा हाही दुरुस्तीच्या खर्चाशी निगडित आहे. मोटरचा प्रारंभीचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले, तर जोर १९ टक्क्यांनी घटतो. थ्री फेज पुरवठ्यातील अल्प असमतोलदेखील मोटरमधील विद्युतप्रवाहात कित्येक पट असमतोल घडवतो. म्हणून ग्रामीण वीजवाहिन्या सुधारण्यावर झालेला खर्च सुताराच्या मोटरचे आयुष्यही वाढवतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वीजतंत्री आणि सुतारकाम हे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. सुतारकाम शिकणाऱ्याला मोटरच्या निदानाचे काही तास आणि वीजतंत्र्याला लाकूडकामाच्या यंत्रांची ओळख मिळाली, तर दोन कौशल्यांमधील अंतर अल्प खर्चात भरून निघेल. अनुभवाने शिकलेल्या कारागिरांच्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची पूर्वशिक्षण-मान्यता पद्धत मोटर भरणाऱ्यांपर्यंत पोहोचवणेही शक्य आहे. भांडवल कमी असलेल्या देशात प्रत्येक यंत्राचे आयुष्य ही राष्ट्रीय संपत्ती असते. वेळेवर बदललेले एक बेअरिंग एका कुटुंबाचे आठवड्याचे उत्पन्न वाचवते. अशा लाखो निर्णयांची बेरीज देशाच्या उत्पादकतेत उमटते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. माहितीची विषमता आणि प्रतिकूल निवड यांचा संबंध जुन्या यंत्रांच्या बाजाराच्या आधारे स्पष्ट करा.

२. बुडीत खर्च आणि संधी व्यय यांतील फरक सांगून दुरुस्तीच्या निर्णयात त्यांचे स्थान लिहा.

३. नेहमीची देखभाल आणि मोठे नूतनीकरण यांची राष्ट्रीय लेखांकनात वेगवेगळी नोंद का केली जाते?

४. ‘व्याजदर बदलला की योग्य तंत्रज्ञानाची निवड बदलते.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.